बारावा ग्लास

चहाच्या हिशेबात एक ग्लास जास्त निघाला, तिथून हे सगळं सुरू झालं. चोरी म्हणावी तर एका ग्लासाची कोण करणार? चूक म्हणावी तर ती रोज दोन वेळा, साडेदहाला आणि चारला, न चुकता कशी होणार? त्या दिवसांत माझं डोकं असं झालं होतं की मला दोन्ही खरं वाटत होतं.

शिरोली एमआयडीसीत आमची लहानशी फौंड्री होती. वडिलांनी, आमच्या अप्पांनी, उभी केलेली. एक शेड, एक भट्टी, काळ्या वाळूचा हा मोठा ढीग, आणि कोपऱ्यात रुंद काचेची खिडकी असलेली केबिन. वाळू दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झालं की वाळू झाडून माल बाहेर काढायचा. सांगायला एवढंच, पण करणाऱ्याचा जीव जातो. अप्पा सकाळी कपाळाला विभूती लावून निघायचे आणि संध्याकाळी तिच्या जागी काजळी घेऊन यायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका दुपारी ते घरी जेवायला आले आणि ताटावरच गेले. मी बी. कॉम. झालेला, तोवर बँकेची कामं आणि बिलं तेवढी बघत होतो. पंधरा दिवसांनी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

पहिली दोन-तीन वर्षं त्यांच्या पुण्याईवर गेली. मग मंदी आली. आमच्या रस्त्यावरची शटरं एकेक करून खाली आली आणि पुन्हा वर गेलीच नाहीत. शेजारची शेड बंद झाल्यावर तिच्या पत्र्यावर वाजणाऱ्या पावसाचा आवाजसुद्धा बदलला. रिकाम्या डब्यावर वाजावं तसा तो वाजायचा. केबिनमध्ये बसून मी तो ऐकायचो आणि पुढचा नंबर आपला, असं मनात यायचं. आठवड्यातून तीनदा लागणारी आमची भट्टी आता शनिवारी तेवढी लागत होती.

आमच्याकडं अकरा माणसं होती. सगळ्या जातींची होती. अप्पांना त्याचं काही नव्हतं आणि मलाही नाही, असं मी समजत होतो. एका संध्याकाळी मी बायकोसमोर शपथेसारखं बोलून गेलो, की बाकी वाट्टेल ते कापीन पण अकरातला एकही माणूस काढणार नाही. ती म्हणाली, "बोललाय न्हवं, मग पाळा." मला तेच करून दाखवायचं होतं. फौंड्री जगवायची, आणि माणसं न काढता जगवायची.

मग मी कात्री घेऊन बसलो. गाडीवर कव्हर घालून जुनी स्कूटर काढली. फोनला बारकं कुलूप लावलं. पेपर बंद केला. शेडमधल्या ट्यूबा एकाआड एक काढून ठेवल्या. हातमोजे फाटके दाखवल्याशिवाय नवे मिळेनात. वाळूला चिकटपणा यावा म्हणून तिच्यात एक माती मिसळतात, ती स्वस्तातली आणली आणि तीही कमी घालायला सांगितली. पान सोडलं. रविवारचं बाहेरचं खाणं सोडलं. मग रात्रीची एक भाकरी सोडली, तिची तर काही गरजच नव्हती. काटकसरीचीसुद्धा नशा चढते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संयम, संयम म्हणत होतो, आणि तो मला दारूसारखा लागत होता. आज काय वाचवलं हे मोजल्याशिवाय झोप येईना.

घरात तर कमालच झाली. जिन्यावर माझी पावलं वाजली की आतले दिवे एकेक करून विझायचे. कुणी सांगितलं नव्हतं, माझा आरडाओरडा टाळायला पोरंच विझवायची. मी वर पोचेपर्यंत अख्खं घर काळं, फक्त देवापुढची वात जळत असायची. एकदा मी तिच्याकडंही बघत उभा राहिलो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, तेवढी तरी राहू दे की." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती घाबरलेली होती, आणि मला त्याचा रागच आला.

अशात तो ग्लास सापडला.

चहा टपरीवरच्या मावशी आणायच्या. तारेच्या जाळीत ग्लास, दुसऱ्या हातात किटली. महिन्याची चिठ्ठी बघताना मला दिसलं की दर वेळी बारा ग्लास लावलेत. माणसं अकरा. मी तो चहा पीत नसे. मला बिनसाखरेचा लागतो, म्हणून घरून थर्मास आणायचो आणि केबिनमध्ये बसून प्यायचो. मग बारावा कुणाचा?

मावशींना विचारलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला काय ठावं बाबा. मिस्त्रींनी बारा सांगितल्यात, मी बारा आणतो." आणि खाली मान घालून निघून गेल्या.

मिस्त्री म्हणजे आमचे सगळ्यात जुने माणूस. मूळचे मुरगूडचे. अप्पांनी शेडचा पहिला खांब रोवला तेव्हापासूनचे. वाळू तयार आहे का हे बघायला ते कुठलं यंत्र वापरत नसत. मूठभर वाळू घेऊन आवळायचे, मग तो मुटका मधोमध मोडायचे, आणि मोडलेल्या कडेकडं बघत राहायचे. पोळी मोडून बघावी तसं. मी गेलो तेव्हाही तेच चाललं होतं.

"मिस्त्री, बारावा ग्लास कुणाचा?"

त्यांनी मुटका मोडला नाही. माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. "हाय की एक," म्हणाले.

"कोण एक?"

"हाय."

मागं वाळू ठोकत होते ते आवाज थांबले. मी वळून बघितलं तर सगळे आपापल्या साच्याकडं बघत उभे. एवढ्या गोंगाटाची ती जागा, पण त्या क्षणी भट्टीच्या विटा गार होताना तडकतात तो बारीक आवाज मला ऐकू आला.

मी म्हटलं, "असेल कोण तर मस्टरवर कसं नाही?"

"मस्टर तुमच्याकडंच असतंय की, धाकलं मालक," मिस्त्री म्हणाले आणि मुटका मोडला.

माझं डोकं सणकलं. तापट तर मी जन्माचाच. पण काही न बोलता परत आलो आणि त्या दिवसापासून नजर ठेवली. साडेदहाला सगळे वाळूच्या ढिगापाशी बसायचे. तिथं एक उपडी घातलेली लाकडी पेटी होती. अप्पा चहाला तिच्यावर बसायचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते गेल्यावर तिच्यावर कुणी बसत नव्हतं. बारावा ग्लास त्या पेटीवर ठेवला जायचा, वाफा यायच्या, गप्पा चालायच्या, आणि ग्लासाकडं कुणी बघायचं नाही. चहा संपला की सगळे उठायचे. थोड्या वेळानं मी तिथं जायचो तेव्हा ग्लास रिकामा आणि जाळीत परत गेलेला.

एकदा मी पेटीशी वाकून बघितलं. ऐन मे महिना, वाळू अशी कोरडी की चिमटीतून धुरासारखी जावी. आणि पेटीच्या पायथ्याला तळहाताएवढी ओल होती. काळ्या वाळूत तिथं मुंग्यांची रांग लागली होती. ज्या शेडमध्ये आग ओततात तिथं मुंग्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. ती रांग भिंतीतून कुठून तरी येत होती आणि त्या ओलीत संपत होती.

म्हणजे हे असं होतं तर. अप्पांच्या नावानं रोज दोन ग्लास. मला अप्पांची आठवण आली, खोटं कशाला सांगू. पण ती सरायच्या आत रागानं तिला मागं टाकलं. मी जिवंतपणी एकेक भाकरी मोजतोय आणि ही माणसं मेलेल्याला चहा पाजतायत! मी तिथूनच ओरडलो, "मिस्त्री, उद्यापासून अकरा सांगायचे."

मिस्त्रींनी टोपी काढून झटकली. "मालक म्हणतील तसं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा ग्लास आले. पेटी मोकळी राहिली. त्या दिवशी चहाला कुणी बोललं नाही. मला वाटलं रुसलेत, बसतील रुसून आणि येतील ताळ्यावर. पण पंधरा दिवस झाले, महिना झाला, चहाच्या वेळी शेडमध्ये काही म्हणता काही आवाज नाही. अकरा माणसं गोल करून बसलीत आणि ग्लास खाली ठेवल्याचासुद्धा आवाज नाही. मावशी किटली घेऊन यायच्या त्याही आता आत थांबत नसत. शटरापाशी जाळी ठेवून जायच्या.

पावसाळा लागला तसं शेडमध्ये फार अंधारून यायला लागलं. निम्म्या ट्यूबा मीच काढलेल्या, छताचे उजेडाचे पत्रे काजळीनं काळे. केबिनमध्ये तेवढा टेबलावरचा दिवा असायचा. मी मस्टर पुढ्यात घेऊन खिडकीतून माणसं मोजायचो. कुणी दांडी मारतंय का, कुणाला अर्धा दिवस लावता येतो का, असल्या हिशेबानं. आणि एका दुपारी चारच्या चहाला मी मोजली तर ती बारा भरली.

पुन्हा मोजली. बारा. चष्मा वाचायचा होता, तो काढला आणि डोळे बारीक करून नीट मोजली. अकरा जण गोलात बसलेले, आणि बारावा त्या पेटीवर. खांदे पुढं आलेले, मान जराशी डावीकडं. आमचे अप्पा तसेच बसायचे.

मी उठून दार उघडलं. पेटीवर कोणी नव्हतं. अकरा तोंडं माझ्याकडं वळली आणि पुन्हा आपापल्या ग्लासात गेली.

हे मी कुणाला बोललो नाही. बोलणार काय? पण त्यानंतर अंधारी दुपार असली की मी मोजायचो आणि मस्टरपेक्षा एक जास्त निघायचा. पेटीवरचा माणूस कधी कधी मान वर करून थेट माझ्याकडं बघत असायचा. तोंड दिसायचं नाही. मी दिवसेंदिवस त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचो, की अप्पा, तुमचा चहा मी बंद केला हे खरंय, पण मी काय हौसेनं केलं का? तुमचीच फौंड्री वाचवतोय ना?

आणि त्याच महिन्यात माल बिघडायला लागला.

आमचं एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं, पुण्याचं. त्यांना पंपाचे सुटे भाग जायचे. वरून गुळगुळीत दिसणारा भाग मशीनवर कापला की आत भोकं निघायची. फुग्यासारखी, लहान-मोठी. आधी शंभरात चार, मग दहा, मग मोजायचं सोडून दिलं. परत आलेला माल शटरापाशी रचून ठेवला होता. कापलेल्या लोखंडातली ती भोकं जाता-येता डोळ्यांसारखी बघायची.

मिस्त्री केबिनच्या दारात आले. आत येत नसत, उंबऱ्यावरच उभं राहून बोलायचे. "मालक, वाळू दमलीया."

"वाळू कशी दमेल?"

"दमती की. रोज आग पिती ती. नवी माती मिळाली न्हाई तर किती दिवस दम काढंल? तुमी ही माती बदला. आनि कमी करू नका."

मला ते बोलणं वाळूबद्दलचं वाटलंच नाही. मला वाटलं हे ग्लासाचं उट्टं काढतायत. मुद्दाम माल घालवतायत. असा विचार त्या माणसाबद्दल माझ्या मनात आला, याची लाज मला आज वाटते. त्या दिवशी वाटली नाही. त्याच आठवड्यात हिशेब बघणारे साहेब म्हणाले होते, एक पगार तरी कमी करा, नाहीतर दिवाळी बघायची नाही; आणि सगळ्यात मोठा पगार मिस्त्रींचाच होता. दोन गोष्टी मनात एकत्र आल्या आणि मी बोलून गेलो, "मिस्त्री, तुम्ही दिवाळीपर्यंत घरीच थांबा. काम वाढलं की बोलावतो."

ते उंबऱ्यावरून हलले नाहीत. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तेच पुन्हा म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, "ऐकलं की." मग त्यांनी विचारलं, "मग उद्यापास्नं धाच ग्लास सांगू मावशीला?"

जाताना त्यांनी साच्यावरची वाळू सपाट करायची आपली लाकडी फळी पुसून भिंतीला टेकवून ठेवली. मागं वळून एकदा पेटीकडं बघितलं आणि गेले. घरी मी बायकोला हे दोन दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली, आणि "बोलला होता न्हवं" एवढंच म्हणाली.

पुढचा शनिवार मी विसरणार नाही. भट्टी लागली, लोखंड लाल झालं, पोरांनी ओतायला सुरुवात केली. एका साच्यात लोखंड पडलं आणि तो आतून गुरगुरला. मग दुसरा. वाळूच्या आत कुणी तरी अडकलंय आणि बाहेर यायला धडपडतंय, असा तो आवाज होता. तिसऱ्या साच्यातून लाल थेंब कारंज्यासारखे उडाले आणि पोरं मागं पळाली. भाजलं कुणाला नाही, नशीब म्हणायचं. पण फाटक्या मोज्यातून एकाच्या मनगटावर थेंबभर डाग उठला, आणि त्यानं तो मला दाखवला नाही, हात पाठीमागं घेतला.

एमआयडीसीची सोमवारची सुट्टी गेली आणि मंगळवारी पुण्याहून फोन आला. कापून बघायला त्यांचा माणूस आला होता, त्यानं सगळा लॉट नापास केला. "येत्या शनिवारचा माल असाच आला तर पॅटर्न परत न्यायला गाडी पाठवतो," असं त्यांनी सांगितलं. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना. तो गिऱ्हाइकाचा असतो. तो परत गेला की फौंड्रीची तिरडी बांधली, असं आमच्याकडं सगळे समजतात.

फोन ठेवला तेव्हा चार वाजले होते. बाहेर काळंकुट्ट. सवयीनं मी मोजलं. मस्टरवर आता दहा, आणि खिडकीत अकरा. तो पेटीवर बसलाच होता. माझ्या अंगात त्राण नव्हतं, भांडायलासुद्धा. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तोंडाला लावला.

पेटीवरच्या माणसानं हात वर केला आणि ग्लास तोंडाला लावला.

मी झाकण खाली ठेवलं. त्यानंही ठेवलं. मी मान उजवीकडं केली, त्यानंही केली. मग कळलं. केबिनमध्ये दिवा, शेडमध्ये अंधार, मधे काच. काचेत मीच दिसत होतो, बरोबर त्या माणसांच्या मधे, त्या पेटीवर. ट्यूबा मीच काढलेल्या, आणि प्रत्येक अंधाऱ्या दुपारी मी मलाच मोजत होतो. खांदे माझेच पुढं आले होते. मी हसायला गेलो, पण हसू फुटलं नाही. भूत निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. भुताला लिंबू-नारळ तरी देता येतो.

बुधवारी सकाळी मी मुरगूडची एस. टी. धरली. मिस्त्री आले तर शनिवारचा माल निघेल, नाही आले तर सगळं संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. पाऊस थांबला होता आणि दोन्ही बाजूंच्या उसात कमालीची शांतता होती.

विचारत विचारत घर सापडलं. बौद्ध वस्तीतलं, शेवटून दुसरं. सारवलेलं अंगण, दारात चपला. दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली मिस्त्री भिंतीला टेकून बसलेले, आणि त्यांची बायको किटलीतून चहा गाळत होती. मी उंबऱ्यावर होतो, माझी चाहूल अजून कुणाला लागली नव्हती. मी बघितलं तर जमिनीवर तीन ग्लास मांडलेले आणि तिन्ही भरलेले. माणसं दोनच. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते.

माझ्या अंगावर काटा आला, तो मानेपासून पायापर्यंत. अप्पा इथंही आलेत, असंच मनात आलं. माझ्याकडून हाकलले गेले आणि इथं येऊन बसले.

"या की, मालक," मिस्त्री म्हणाले. उठून त्यांनी सतरंजी झटकली. त्यांच्या बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि तिसरा ग्लास माझ्या बाजूला सरकवला, पण हात मागं घेताना ती थबकली. नवऱ्याकडं बघू लागली.

मी बसलो आणि पहिलं तेच विचारलं. "मिस्त्री, हा तिसरा कुणाचा? अप्पांचा?"

मिस्त्रींना नवल वाटलं. "मोठ्या मालकांचा? त्येनी गेलं त्याच दिशी त्येंचा ग्लास बंद केला मी. मेलेल्या माणसाला च्या कशाला, मालक? आमी असलं काय मानत न्हाई."

"मग?"

"त्यो तुमचा हाय."

मी ग्लासाकडं बघितलं.

"मोठं मालक पैल्या दिशी आमच्यात बसलं," मिस्त्री सांगू लागले. "त्याआधी मी जिथं कामाला होतो तिथं माझा ग्लास खिळ्याला येगळा टांगल्याला असायचा. हितं आल्यावर मी सवयीनं लांब उभा ऱ्हायलो. त्येनी हाक मारली, माझा ग्लास हुता त्याच जाळीतनं आपला ग्लास उचलला आनि पेटीवर बसलं. मंग तुमी आला. म्हटलं, वाघाचं पिल्लू हाय, आज न्हाई तर उद्या ईल. तुमचा ग्लास सांगून ठिवला. सात वर्सं ठिवतोय. तुमी काय आला न्हाई. घरनं थर्मास आणायचा. च्या गार झाला की म्या वाळूत वतून द्यायचो."

"मला साखर चालत नाही हो, मिस्त्री," मी म्हणालो. ते इतकं लंगडं वाजलं की मलाच ऐकवेना. साखर खरीच चालत नव्हती. पण सात वर्षांत एकदाही मला त्या माणसांत जाऊन बसावंसं वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं, आणि ते कशामुळं हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"समद्यांम्होरं सांगू? आनि तुमी न्हाई म्हणला असता तर?" ते ग्लासाकडं बघत बोलत होते. "मागून घेतल्याला मान कसला, मालक? तुमी बंद करा म्हणला, तवा आमाला वाटलं, तुमाला समदं ठावं हाय. ठावं असून बंद केला."

म्हणून ती शांतता होती तर. इतके दिवस ती माणसं माझ्यासमोर बसून अपमान गिळत होती, आणि मी काचेतून त्यांची डोकी मोजत होतो. माझे डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत.

"आणि इथं? घरीसुद्धा?"

त्यांची बायको पहिल्यांदाच बोलली. "साडेधा झालं की ह्येंचा हात जातोय बगा ग्लासाकडं. म्हटलं, आता कशाला? तर म्हणत्यात, सवय हाय, ऱ्हाऊ दे. मालक येतील."

मी ग्लास उचलला. चहा अति गोड होता, जिभेला चिकटत होता. तळाला साखर होती, तीही ग्लास हलवून प्यालो. मिस्त्री बघत होते. शेवटचा घोट संपल्यावर त्यांनी स्वतःचा ग्लास उचलला, तोवर त्यांनी तोंडाला लावला नव्हता.

मग ते म्हणाले, "शनवारच्याला वाळू कुठली भरलीया?"

दुपारच्या एस. टी.नं आम्ही दोघं आलो. वाटेत मी चांगल्या मातीची ऑर्डर एका पी. सी. ओ.वरून दिली. शुक्रवारी दिवसभर मिस्त्रींनी वाळू आवळून, मोडून, पुन्हा कालवून घेतली. सगळ्यांना नवे हातमोजे दिले. शनिवारी लोखंड ओतलं तेव्हा एकही साचा गुरगुरला नाही. पॅटर्न आमच्याकडंच राहिला. पुढं दोन वर्षं ओढाताण चाललीच, ट्यूबा मी तशाच ठेवल्या, गाडी शेवटी विकली, पण मस्टरवर अकरा नावं होती ती अकराच राहिली.

त्या गुरुवारी, आम्ही मुरगूडहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मावशी साडेदहाला जाळी घेऊन आल्या तेव्हा मी शटरापाशी जाऊन सांगितलं, "मावशी, बारा." त्या म्हणाल्या, "बाराच आणल्यात. मिस्त्री दिसले न्हवं मगाशी." मी जाऊन पेटीवर बसलो. कुणी काही बोललं नाही, पण ग्लास खाली ठेवल्याचे आवाज येत होते. कुणी तरी मला जागा करून द्यायला सरकलं, तशी गरज नव्हती तरी.

बसल्या जागेवरून समोर केबिनची खिडकी दिसत होती. इतक्या वर्षांत ती मी इथं बसून कधी बघितली नव्हती. आत टेबलावर मस्टर उघडं पडलं होतं, रिकामी खुर्ची होती, आणि दिवा जळत होता. कुणासाठीच नाही, असाच. मी चहा संपवला, उठलो, आणि जाऊन तो बंद केला.